हे शेत कुणाचे?



ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी एका शेताचा दावा चालला आहे. गीतेने शरीराला शेत म्हटले, ते जाणणारा निराळा आहे असे सांगितले आणि ती पुढे गेली. ज्ञानेश्वर पुढे जात नाहीत. ते बांधावरच थांबतात आणि या शेतावर हक्क सांगणाऱ्या एकेकाला बोलते करतात. पहिला म्हणतो, हे शेत समूळ जीवाचे, प्राण हे त्याचे कूळ. प्राणाचे चार भाऊ अंगमेहनत करतात, मन कुळवाडीकर होऊन देखरेख ठेवते, इंद्रियांचे बैल जुंपलेले आहेत आणि विषयांच्या रानात रात्रंदिवस औत चालू आहे. पेरावे तसे उगवते आणि ते जन्मोजन्म जीवाने भोगायचे. हे ऐकून दुसरा उसळतो. तो सांख्यमताचा. शेत प्रकृतीचे आहे, तिच्या घरचेच आहे, असे त्याचे म्हणणे. रजोगुण पेरतो, सत्त्वगुण पाखरे हाकलून राखण करतो, तमोगुण सोंगणी करतो, मग खळ्यात मळणी होते. या सगळ्यात जीव कोण? वाटेने जाताना वस्तीला उतरलेला पांथस्थ. आणि प्राण? तो कूळसुद्धा नव्हे, बलुतेदार आहे, म्हणून जागतो. मग संकल्पाला मालक मानणारे येतात, स्वभाववादी येतात, सगळे काळाच्या जबड्यात आहे म्हणणारे येतात. नैमिषारण्यातल्या ऋषींनीही या वादात पुष्कळ शक्ती खर्च केली, वेदांनीही बोलून पाहिले, पण हे शेत कुणाच्या नावावर आहे याचा निवाडा काही झाला नाही.

हे सारे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितले गेले. तिथल्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे परंपरा सांगते, त्या खांबावर दुर्गा भागवतांनी 'पैस' हा लेख लिहिला आणि १९७० साली निघालेल्या त्यांच्या संग्रहालाही तेच नाव दिले. आज मला खांबाबद्दल बोलायचे नाही. त्या जागी जो प्रश्न मांडला गेला त्याबद्दल बोलायचे आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी या जिल्ह्यातल्या मुलांना आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. शेतकऱ्याच्या मुलाला 'आत्मा' हा विषय परका वाटू नये याची त्यांना फार काळजी असे. आपल्या जिल्ह्यात बांधाचा वाद, सातबारावरचे नाव, फेरफाराची नोंद कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांनाही ती लागत नसणार.

आता या दाव्यात एक विलक्षण गोष्ट आहे आणि माझे सगळे म्हणणे तिच्यावर उभे आहे. हा वाद सुरू होण्याआधीच गीतेने सांगून टाकले आहे की सर्व क्षेत्रांतला जाणणारा मीच आहे. म्हणजे जाणणारा कोण, हे ठरलेले आहे. तरीही ज्ञानेश्वर मालकीचा खटला उभा करतात, आणि त्यातल्या दावेदारांच्या यादीत तो जाणणारा नाही. जीव आहे, प्रकृती आहे, संकल्प आहे, स्वभाव आहे, काळ आहे. जाणणारा मात्र हक्क सांगायला येत नाही. जाणणे आणि मालकी या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढल्या आहेत. आपण त्या सहसा एकच समजतो. मला दुखते, म्हणजे ते दुखणे माझे आहे. मी पाहतो, म्हणजे दृश्याच्या अलीकडे कुठेतरी 'मी' नावाचा धनी बसला आहे. ज्ञानेश्वर इथे बारीक पाचर मारतात. दुखणे जाणवते, यात शंका नाही. पण त्याला धनी आहे, हा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो.

गीतेने पुढे क्षेत्रात काय काय येते त्याची यादी दिली आहे. पाच महाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रिये, मन, पाच विषय. एवढ्यावर चोवीस होतात. त्यापुढे आणखी सात येतात आणि त्यांत सुख आहे, दुःख आहे, इच्छा आहे, द्वेष आहे, चेतनासुद्धा आहे. ज्याला आपण अगदी आतले, अगदी खासगी म्हणतो, ते सगळे या यादीने शेतात नेऊन ठेवले. दुःख हे ढेकळासारखे शेताचाच भाग ठरले. मग बांधापलीकडे उरला कोण? नुसता जाणणारा. आणि त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही.

युरोपात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. देकार्तने सतराव्या शतकात सगळ्यावर संशय घेतला आणि संशय घेणारा 'मी' तेवढा शिल्लक ठेवला. शंभर वर्षांनी, १७३९ मध्ये, ह्यूमने लिहिले की मी आत शोधायला जातो तेव्हा थंडी, ऊब, उजेड, राग, सुख असे काहीतरी सापडते, पण हे सगळे बाळगणारा 'मी' कधीच हाती लागत नाही. १९७४ मध्ये थॉमस नेगेलने वटवाघळाचे उदाहरण घेतले. वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती आपल्याला मिळाली, तरी वटवाघूळ असणे आतून कसे वाटते ते आपल्याला कळणार नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर ग्रंथालय भरेल एवढे लिहिले गेले. नेगेलचा मुद्दा खरा आहे. दाढ माझी दुखते तेव्हा शेजाऱ्याची दुखत नाही, आणि हे कोणत्याही अद्वैताने पुसले जात नाही. ज्ञानेश्वरांवर प्रेम करणाऱ्यांनी या दाढदुखीला बगल देऊ नये. मी तरी देणार नाही.

आपल्या महाराष्ट्राचेही या वादात स्थान आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने १९३० साली कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे विषयिता आणि स्वातंत्र्य यांवरचे छोटेसे, अतिशय अवघड पुस्तक प्रसिद्ध केले. आपले शरीर आपल्याला दोन प्रकारे कळते, असे ते त्यात दाखवतात. इतर वस्तूंसारखे बाहेरून, आणि कुठल्याच दुसऱ्या वस्तूसारखे नव्हे असे आतून. या आतल्या जाणिवेपासून ते पायरी पायरीने वर चढतात आणि प्रत्येक पायरीवर 'मी' आधी ज्याला धरून होता त्याच्यापासून सुटा होतो. खानदेशातून प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आज महाराष्ट्रात किती जण वाचतात, याचा विचार केला की वाईट वाटते.

आता नेवाशाहून नगरच्या किल्ल्यात येऊ.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच भिंतींत आचार्य नरेंद्र देव काय करत होते, हे मात्र नगरकरांनाही फारसे माहीत नसते. ते वसुबंधूचा 'अभिधर्मकोश' हिंदीत आणत होते. मूळ ग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकातला. बेल्जियन पंडित लुई द ला वाले पूसँ यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले होते, त्यावरून नरेंद्र देवांचे काम चालले होते. त्यांना दमा होता आणि तो आयुष्यभर पाठीस लागलेला होता. बाकीचे राजबंदी इतिहास, राजकारण, बागकाम यांत वेळ घालवत असताना धाप लागणारा हा समाजवादी पुढारी ज्या ग्रंथात आत्म्याला जागाच नाही त्याचे एकेक पान मराठी मुलखातल्या एका तुरुंगात हिंदीत उतरवत होता. १९५६ मध्ये ते गेले. 'बौद्ध धर्म दर्शन' या त्यांच्या ग्रंथाला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अभिधर्मकोशाच्या शेवटी, नवव्या भागात, आत्मवाद्यांशी वाद आहे. त्यात विरोधक एक रास्त शंका काढतो. आत्मा नाही तर आठवण कुणाची? वसुबंधू उलट विचारतो, 'कुणाची' म्हणजे काय? विरोधक म्हणतो, मालकी. मालकी कशी? चैत्र गाईचा मालक असतो तशी. मग वसुबंधू त्या चैत्राचीच चौकशी सुरू करतो. चैत्र गाईचा मालक कशाने झाला? तिला हाकणे, दोहणे, कामाला लावणे त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणून. म्हणजे मालक म्हणजे कारण आणि मालकीची वस्तू म्हणजे त्या कारणाचे कार्य. मग आठवणीचे कारण शोधा. पूर्वीच्या अनुभवाचा ठसा हे कारण आहे. ते सापडल्यावर आणखी वेगळा धनी कशाला हवा? आणि चैत्र तरी काय आहे? संस्कारांचा एक प्रवाह. गाय हा दुसरा.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी थरारलो होतो. एकीकडे गाय, एकीकडे शेत. एक वाद बौद्ध मठातला, एक वाद वारकऱ्यांच्या ज्ञानोबाचा. दोघांनीही 'मी' या प्रश्नाची गाठ मालकीच्या गाठीत पाहिली. 'आत काय आहे?' हा शोध त्यांना निष्फळ वाटतो. आपण 'माझे' म्हणतो तेव्हा नेमके काय करतो, ते ते पाहतात. दोघांत फरकही मोठा आहे आणि तो झाकू नये. वसुबंधूच्या घरात मालक नाही आणि जाणणाराही नाही. जाणणे घडते, एवढेच. ज्ञानेश्वरांच्या घरात मालक नाही, पण जाणणारा आहे. आणि 'अमृतानुभवा'त तो जाणणारा स्वतःच जगाच्या रूपाने खेळतो. जग त्यांना खोटे वाटत नाही. त्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाची जी झाडाझडती आहे, तिच्यानंतर अज्ञान नावाची वस्तू सापडत नाही, आणि मग अज्ञानाला घालवणाऱ्या ज्ञानालाही काम उरत नाही. बौद्ध नकारापेक्षा हा नकार मला अधिक धीट वाटतो, कारण नकार देऊन झाल्यावर तो जगाला पुन्हा जवळ घेतो. पण हा माझा कल आहे. नरेंद्र देवांनी तो मान्य केला नसता.

त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. ते आपल्या एका मित्राला पहाटे चहा पिता पिता पत्रे लिहीत आणि ती धाडता येत नसल्याने जवळच ठेवत. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी आहेत, प्रकृती ढासळते आहे, अशा बातम्या आधीपासून येत होत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर कळवा, असे तुरुंगाधिकाऱ्यांनी सुचवले होते. आझादांनी नकार दिला. मृत्यूनंतर लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. रोजचा क्रम त्यांनी ढळू दिला नाही. वर्तमानपत्र घेऊन अधिकारी यायची वेळ झाली की पावलांच्या आवाजाने काळीज धडधडायचे, पण ते चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. जेवायच्या टेबलावर नेहमीसारखे बसायचे. आणि मग ते कबूल करतात की हे सगळे बाहेरचे शांत वागणे म्हणजे एक भूमिका होती, मनातला अभिमान ती वठवत होता. शरीर मात्र आतून झिजत होते.

हे पत्र तत्त्वज्ञानाचे म्हणून कुणी वाचत नाही, पण ते तसे वाचायला हवे. इथे दावेदार एकमेकांसमोर उभे आहेत. अभिमान म्हणतो, हे शेत माझे, इथे माझ्या परवानगीशिवाय काही उगवणार नाही. दुःख परवानगी मागत नाही. आणि हे दोन्ही पाहणारा, नंतर निर्भीडपणे लिहून ठेवणारा कुणीतरी तिसरा आहे, ज्याने कशावरही हक्क सांगितलेला नाही. अनुभवाचे एवढे प्रामाणिक निरीक्षण मला फार थोड्या ठिकाणी भेटले.

'मी'ची हद्द किती सैल आहे, हे आता प्रयोगशाळेतही दिसते. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला, समोर रबराचा हात मांडला आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवला. काही मिनिटांत माणसांना स्पर्श रबराच्या हातावर जाणवू लागला. तो हात माझा आहे असे वाटू लागले. ज्या कातडीला आपण 'मी'चे कुंपण समजतो, ते कुंपण डोळा आणि स्पर्श यांच्या सहमतीवर उभे आहे. ती सहमती हलवली की कुंपण हलते. त्याआधी, १८९० मध्ये, विल्यम जेम्सने म्हटले होते की माणूस ज्याला ज्याला माझे म्हणू शकतो त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा 'मी'. शरीर, घर, बायकोमुले, पूर्वज, नाव. यांतले काही वाढले की तो वाढतो, काही गेले की तो तेवढा खचतो.

जेम्सचे म्हणणे आपल्या मातीतही गाडलेले आहे. १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, घरांच्या जमिनीखाली, लहान मुलांची दफने सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव ज्या संस्कृतीला मिळाले तिची ही रीत आहे. त्या आईबापांच्या मनात काय होते, ते सांगण्याचे धाडस मी करणार नाही. एवढे दिसते की मेलेले मूल त्यांनी घराबाहेर जाऊ दिले नाही. चूल, अंथरूण आणि ते मूल यांच्यामध्ये एक शेणामातीची जमीन होती.

हद्द अशी सरकती असेल तर ती कुठे असावी, हे ठरवायचे कशावरून? तेरावा अध्याय मला इथे कळू लागला. दावा निकाली निघत नाही आणि अध्याय थांबतही नाही. तो ज्ञान म्हणजे काय याकडे वळतो. आपली अपेक्षा असते की आता आत्म्याची व्याख्या येईल. येते ती वागण्याची यादी. मान नको, दंभ नको, आणि तिसरी अहिंसा. गीतेत अहिंसा हा एक शब्द आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर शंभराहून अधिक ओव्या खर्च केल्या. मूळ ग्रंथातला क्रम त्यांचा नाही, पण हे माप त्यांचे आहे, आणि भाष्यकाराचे मन मापात कळते.

आधी ते हिंसेच्या प्रतिष्ठित प्रकारांचा समाचार घेतात. पाऊस पडत नाही म्हणून यज्ञ करायचा आणि त्यात पशू मारायचे. हिंसा पेरून अहिंसा कशी उगवेल, असा त्यांचा सवाल. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मुलखात हे बोलायला धैर्य लागते. मग ते वैद्यकाकडे वळतात. एक जीव वाचवायला दुसऱ्यांची मुळे उपटायची, साली सोलायच्या, प्राणी मारून शिजवायचे. आणि त्यानंतर अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, याचे वर्णन सुरू होते. बगळा पाण्यात पाऊल टाकतो तसे त्याचे पाऊल. लाट मोडत नाही, पाण्याची शांतता बिघडत नाही. बगळ्याची ही हळुवारता भक्ष्यासाठी असते, हे ज्ञानेश्वरांना ठाऊक आहे. म्हणून ते तेवढ्यावर थांबत नाहीत, लगेच कमळावर केसर चुरगळू नये म्हणून जपून उतरणारा भुंगा आणतात. मातीच्या कणाकणांत इवले जीव गुंतले आहेत, हे जाणून त्या माणसाचे पाऊल पडते. आणि पुढे येते मांजर. आपले पिल्लू दातांत धरून नेणारी.

या मांजरीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. दात तेच आहेत. त्याच दातांनी ती उंदीर मारते. तोंडात पिल्लू आले की दातांची टोके असून लागत नाहीत. मांजरीच्या डोक्यात आत्म्याचा सिद्धांत नाही. तिच्या जबड्याला कळते की जे धरले आहे ते परके नाही. हद्द कुठे आहे, याचे उत्तर इथे दातांच्या दाबात दिले आहे. मघाच्या रबरी हाताच्या प्रयोगात माणसाचा 'मी' फसवून निर्जीव वस्तूपर्यंत नेला गेला. इथे तो कुणी फसवून नेलेला नाही. ज्ञानेश्वरांची मागणी एवढीच, पण ती भयंकर मोठी आहे: माणसाने सगळ्या जगाला असे तोंडात धरावे. बोलतानाही. त्यांचा अहिंसक माणूस बोलण्याआधी कचरतो, कुणाला शब्द लागेल की काय म्हणून. नजरसुद्धा जपून टाकतो. आणि हे सगळे आधी मनात असते. मनात नाही ते हातापायांत कुठून येणार?

त्यामुळे मला वाटते, नेगेलच्या प्रश्नाचा रोख इथे बदलतो. दुसऱ्याचा अनुभव मला आतून कधीच मिळणार नाही, हे खरे. पण मी त्याचा अनुभव माझ्या मालकीचा करायला निघालो होतो, म्हणून तो मिळत नाही याचे मला एवढे नवल वाटले. पिल्लाचे दुखणे मांजरीला आतून कळते की नाही, कुणास ठाऊक. तिचे दात सैल पडतात. दुसऱ्याच्या दाढेची कळ मला जाणवत नाही, आणि तरी त्याच्याशी बोलताना माझा आवाज उतरू शकतो. अनुभवाची हद्द तिथेच राहते, पण त्या हद्दीवर मी कसा उभा आहे ते बदलते. जाणणारा आणि मालक एक आहेत असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानाला हे कळायला अवघड जाते.

आता एक आक्षेप. तो मी इतरांच्या तोंडी घालत नाही, कारण तो माझाच आहे आणि मला झोपू देत नाही.

'शेत कुणाचेच नाही' हे वाक्य ज्याच्याकडे शेत आहे त्याने ऐकावे तेव्हा त्यात वैराग्य असते. ज्याला शेत कधीच मिळाले नाही त्याला ते सांगणे म्हणजे क्रौर्य आहे. ज्ञानेश्वरांनी प्राणाला जागणारा बलुतेदार म्हटले. आपल्या गावांत रात्री जागण्याचे, वेशीवर राखण करण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. शेताच्या किंवा शिवेच्या हद्दीचा वाद निघाला की साक्ष त्यांचीच लागे, कारण हद्द कुठून कुठे जाते हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ठाऊक असे. गावाची सीमा जाणणारा तो, आणि त्या सीमेच्या आत त्याच्या नावावर धड काही नाही. अध्यात्मात जी जाणणाऱ्याची थोरवी, ती गावात जाणणाऱ्याची गुलामी होती. १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते याच जोखडाविरुद्ध. आणि त्याच बाबासाहेबांनी, १९५७ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथात, आत्मा ठामपणे नाकारला. मला यात विसंगती दिसत नाही. आत्म्याची मालकी नाकारणारा माणूस जमिनीचा आणि पाण्याचा हक्क मागतो, कारण माणसाचे दुःख जन्मोजन्मीच्या शेतात उगवलेले पीक नाही, ते माणसामाणसांतल्या व्यवहारात पेरले जाते, हे त्याला दिसले आहे. माणूस एकटा असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती भासते, असे ते तिथे मांडतात. 'मी'च्या सीमेबद्दल विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने केलेले हे सर्वात महत्त्वाचे विधान आहे, असे मी मानतो. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याने ते शेजारी ठेवूनच तेरावा अध्याय वाचावा.

ज्ञानेश्वरांच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो. ही मालकी सोडण्याची भाषा सुखवस्तू माणसाची नाही. ती चार भावंडे संन्याशाची पोरे म्हणून समाजाबाहेर टाकलेली होती, असे सगळी परंपरा सांगते. ज्यांना 'तुम्ही कोण?' याचे उत्तर जगाने देऊ दिले नाही, त्यांच्यापैकी एकाने हा खटला चालवला.

गोदाकाठचे पुणतांबे आपल्याच जिल्ह्यात आहे. चांगदेवांची समाधी तिथे दाखवतात. कथा अशी की ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला चांगदेव बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने आपण थोर, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर तो ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर तो पोरसवदा. शेवटी कोरा कागद पाठवला. समोरच्याच्या तुलनेत मी कोण, हे ठरल्याशिवाय पहिला शब्दही फुटत नाही, असा तो पेच होता. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पाहणारा, दृश्य आणि पाहणे अशी तीन ठिकाणे नाहीतच, असे त्यांत निरनिराळ्या रीतींनी सांगितले आहे. आणि मध्येच एक कबुली आहे. तुला भेटायला जीव उतावीळ झाला आहे, पण आपली भेट आधीच झालेली असताना पुन्हा भेटायला गेलो तर ती झालेली भेट बिघडेल, अशी भीती वाटते, असे ते चांगदेवांना कळवतात.

इथे माझी बुद्धी थांबते. भेट झालेलीच असेल, जाणणारा एकच असेल, तर ही ओढ कुठून आली, ही भीती कुणाला वाटली, आणि पासष्ट ओव्या लिहून दुसऱ्या कुणाकडे धाडायचे प्रयोजन काय? टीकाकार याला लीला म्हणतात. मला ते उत्तर पुरत नाही. मला एवढे दिसते की अद्वैत सांगणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा कोरा कागद तसाच परत पाठवला नाही. त्याने तो चांगदेवांचा कागद मानला, त्यातला अडखळलेपणा ओळखला आणि त्यांना नाव घेऊन हाक मारली. 'अमृतानुभवा'त शब्दाचे खंडन करायला ज्ञानेश्वरांनी अख्खे एक प्रकरण दिले आहे. तो ग्रंथ आणि ही पासष्टी एकत्र ठेवून वाचल्यावर, शब्द निरुपयोगी ठरवणारा आणि शब्द लिहून धाडणारा माणूस एकच कसा, हा प्रश्न मला अधिक खोल वाटू लागला आहे. आपल्यातल्या वारकऱ्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी यावर काही विचार केला असेल, तर प्रश्नोत्तरांच्या वेळेत तो ऐकायची मला उत्सुकता आहे.